याद्विगाबाईंचे सव्वीसशे कोट

आमच्या मारियाम्पोले गावात माणसाला ओरडायचं असो, रडायचं असो की गाणं ऐकत डोलायचं असो, तिन्हींचं तिकीट एकाच खिडकीवर मिळतं. ती खिडकी गौसा कंपनीची. पुरुषांचा बास्केटबॉल संघ गौसाचा, बायकांचा गौसाचा, आणि गेली चार वर्षं नेमाने हरणारा आइस हॉकीचा संघही गौसाचाच. अरेना गौसाची. तिथे येणारे गायक, जादूगार आणि बर्फावर नाचणाऱ्या राजकन्या गौसानेच आणलेल्या. मरण तेवढं अजून नगरपालिकेकडे आहे.

सामन्यांचं निवेदन माझ्याकडे असल्यामुळे या कंपनीतली बहुतेक माणसं मला ठाऊक आहेत. बहुतेकांचे फोटो कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत येतात. याद्विगा गुदायतिएने यांचा फोटो एकदाच आला, तोही पाठमोरा. पुढे संघाचा कर्णधार हसत होता आणि मागे एक बुटकी बाई चवड्यांवर उभी राहून खुंटीला कोट अडकवत होती. फोटोखाली फक्त कर्णधाराचं नाव होतं. बाईंनी पुस्तिका पाहिली आणि म्हणाल्या, "कोट छान आलाय."

त्या अरेनाच्या कोटघराच्या प्रमुख. वय सदुसष्ट. हे काम त्या एकोणऐंशी सालापासून करतात. आधी सांस्कृतिक भवनात, जिथे नाटकांपेक्षा भाषणं जास्त असायची, आणि अरेना झाल्यापासून इथे. मधल्या काळात एक सत्ता गेली, दुसरी आली, चलन तीनदा बदललं. पण फेब्रुवारीत उणे चौदामध्ये आलेल्या माणसाने सभागृहात शिरण्याआधी कोट काढायचा असतो, हा नियम बदलला नाही. आमच्याकडे कोट घालून कार्यक्रमाला बसणं म्हणजे बुटांसकट अंथरुणात शिरण्यापैकी आहे. तसं करणारे लोक असतात, पण त्यांच्याकडे मुली देत नाहीत.

कोटाला मानेपाशी अडकवायचा बंद असावा लागतो. तो तुटलेला असला तर याद्विगाबाई काही बोलत नाहीत, फक्त कोट दोन बोटांत धरून मालकाकडे बघतात. एकदा आमच्या महापौरांनी हे बघणं अनुभवलं आणि दुसऱ्याच दिवशी नवा कोट घेतला, असं म्हणतात. साध्या माणसाला मात्र सामना संपल्यावर कोट परत मिळतो तेव्हा बंद शिवलेला असतो, काळ्या दोऱ्याने, दुहेरी टाका. त्याबद्दल कुणी आभार मानले तर त्या म्हणतात, "तुमच्यासाठी नाही शिवला. माझ्या खुंटीसाठी शिवला."

पण त्यांची खरी करामत वेगळी. तुम्हाला जो पितळी बिल्ला मिळतो, त्यावरचा आकडा तुमच्या समाधानासाठी असतो. बाई कोट लावतात ते कोण कधी आलं यावर नाही, कोण कधी आणि कुठे जाणार यावर. काल्वारियाच्या बसने जाणाऱ्यांचे कोट पुढे, कारण ती बस कुणासाठी थांबत नाही. विल्काविश्किसवाले त्यांच्या मागे, कारण त्यांचा ड्रायव्हर स्वतःच सामना बघत असतो. साखर कारखान्यामागे राहणारे पायी जातात, ते भिंतीकडे. आणि ज्या पुरुषांच्या बायका घरी वाट बघत असतात त्यांचे कोट सगळ्यांत मागे, कारण त्यांना कसलीच घाई नसते. हे सगळं डोक्यात. हाताखालच्या दहा बायकांपैकी झिताने एकदा वही ठेवायचा प्रयत्न केला. बाईंनी वही परत दिली. म्हणाल्या, "झिते, कोट इथे आहेत. वहीत काय बघतेस?"

अरेना झाल्यापासूनच्या बारा वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिलेला नाही. कोटघर प्रेक्षकांच्या बाकांच्या बरोबर खाली आहे. डोक्यावरच्या पायांच्या आवाजावरून त्या गुणफलक सांगतात. एकदा मी मध्यंतरात चहाला खाली गेलो तर म्हणाल्या, "तुमच्या त्या नव्या उंच पोराला फ्री थ्रो जमत नाहीत वाटतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे गप्प होतात, मग एकदम खुर्चीत बसल्याचा आवाज येतो. दोन-दोनदा."

बाईंची मुलगी योलिता नॉर्वेत, स्ताव्हांगरला असते. दोन नातवंडं. गेली चार वर्षं ती दर रविवारी फोन करते आणि आईला तिकडे कायमचं बोलावते. आईने दर रविवारी हंगाम चालू असल्याचं कारण द्यायचं, अशी पद्धत पडली आहे. बास्केटबॉलचा हंगाम संपला की गाण्याचा सुरू होतो, ही गौसाची कृपा. योलिता वाईट मुलगी नाही. तिचं म्हणणं एवढंच, की आई एकटी आहे, गुडघे दुखतात आणि दुसऱ्यांचे कोट उचलायला तिला कुणी सांगितलंय. याद्विगाबाईंना नातवंडं हवी असतात, स्ताव्हांगर नको असतं. एकदा त्या झिताला म्हणाल्या, "तिथे मी कुणाची तरी आई असेन. इथे मी याद्विगा आहे." मग आपण जरा जास्त बोललो असं वाटून त्या हँगर पुसायला लागल्या.

म्हणजे कोटघर होतं तोवर बाई मारियाम्पोलेत होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं. एवाल्दास कालवेलिस या आमच्या तरुण डायरेक्टरांना सोडून.

एवाल्दास वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढे तसं वाटेल. छत्तिशीचा, डेन्मार्कात शिकलेला, कामाला वाघ. फक्त त्याच्याकडे कोट नव्हता. घरून तापवलेल्या गाडीत बसायचा आणि अरेनाच्या तळघरात उतरायचा. आमच्या हिवाळ्याबद्दल त्याची माहिती खिडकीतून आलेली होती.

त्याने गेल्या शरद ऋतूत एक सेवा सुरू केली. खुर्चीत बसल्या जागी बियर आणि लसूण लावलेला तळलेला काळा ब्रेड आणून मिळायचा. आणण्याचा दर वेगळा. बाकीच्या लिथुआनियात या सेवेचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. आमचा भाग सुवाल्किया. आम्हाला सगळा देश कवडीचुंबक म्हणतो, आम्ही त्याला व्यवस्थितपणा म्हणतो. पहिल्याच सामन्याला आमच्या बाल्त्रुस आजोबांनी, ज्यांचा हंगामी पास अरेनाच्या विटांइतका जुना आहे, पोराच्या हातातला ग्लास नीट न्याहाळला. काउंटरवर केवढ्याला, इथे केवढ्याला, हे विचारलं. मग त्याला ग्लास घेऊन परत खाली पाठवलं, स्वतः त्याच्यामागून जिना उतरले आणि तोच ग्लास काउंटरवर विकत घेतला. पंधरवड्यात सेवा बंद पडली. पण गावाने त्यातून धडा घेतला: गौसा जे दारापर्यंत आणून देते, त्याचे पैसे पडतात.

जानेवारीत एवाल्दासने विल्न्यूसहून दोन सल्लागार आणले. त्यांनी तीन दिवस मोजमापं घेतली आणि सांगितलं की अरेनाची सगळ्यांत मोक्याची जागा, मुख्य दाराजवळची, लोकांच्या कोटांनी अडवली आहे. तिथे बार हवा. कोट लोकांनी मांडीवर घ्यावेत, जगभर घेतात. शिवाय सामना आणि मैफल एकाच दिवशी असली की कोटघरापुढच्या रांगेमुळे हॉल रिकामा व्हायला पन्नास मिनिटं लागतात. माणसं हळूहळू उठून जातात असं गृहीत धरूनसुद्धा.

मी त्या बैठकीला होतो. मी म्हणालो, "आमच्याकडे हळूहळू कुणी उठत नाही."

"म्हणजे?"

"चाळीस मिनिटांच्या खेळाचे पैसे दिलेत. एकोणचाळिसाव्या मिनिटाला उठलं तर एका मिनिटाचे पैसे कंपनीला फुकट. गुणफलक विझेपर्यंत माणूस हलत नाही."

सल्लागारांनी हे लिहून घेतलं नाही. विनोद समजले असावेत.

एवाल्दास स्वतः खाली कोटघरात गेला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. चिठ्ठी पाठवली नाही. काउंटरच्या या बाजूला उभा राहून त्याने सगळं समजावलं. बार होणार. याद्विगाबाईंना आणि बाकीच्यांना नारिंगी जॅकेट देऊन दारावर तिकीट तपासायला ठेवता येईल. हंगाम संपेपर्यंत नक्की, पुढचं पुढे बघू.

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "लोक कोट कुठे ठेवणार?"

"मांडीवर, याद्विगाबाई."

"आणि टाळ्या कशाने वाजवणार?"

एवाल्दास हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"अहो, अडचण रांगेची आहे," तो म्हणाला. "सोळा फेब्रुवारीला दुपारी अलितुसशी सामना, संध्याकाळी लोकनृत्याचा दीडशे जणांचा ताफा. मधे मला फरशी झाकायची, मंच उभारायचा, खुर्च्या मांडायच्या. पंचवीस मिनिटांत हॉल रिकामा नाही झाला तर मंच होत नाही."

"पंचवीस?"

"पंचवीस. पन्नास नाही."

"आणि झाला तर?"

एवाल्दासला असा प्रश्न अपेक्षित नव्हता. पण तो शब्दाचा माणूस आहे, म्हणजे निदान कुणासमोर बोललेल्या शब्दाचा. आणि काउंटरमागे दहा बायका कान टवकारून उभ्या होत्या. तो म्हणाला, "झाला तर कोट राहतील. नाही झाला तर मार्चमध्ये बार."

"भोंग्यापासून मोजणार ना? शेवटच्या भोंग्यापासून?"

"शेवटच्या भोंग्यापासून."

"मग ठीक आहे, डायरेक्टरसाहेब. तुमच्या जॅकेटचं बटण लोंबतंय. काढा, दोन मिनिटांचं काम आहे."

त्याने काढलं. अंगात नुसता शर्ट, कोटघराच्या उघड्या दाराशी, दोन मिनिटं. ही त्याची हिवाळ्याशी पहिली ओळख असावी.

झिताने नंतर विचारलं, "मावशी, जमेल?"

"आहे त्या रीतीने नाही जमणार. ती विल्न्यूसची पोरं बरोबर बोलली, पन्नास मिनिटंच लागतात. मीही मोजलंय."

त्या रविवारी योलिताचा फोन आला तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच हंगामाचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, "सोळा तारखेनंतर सांगते." योलिता आनंदाने रडली. बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ हातातला बिल्ला उलटसुलट केला, असं झिता सांगते. मी तिथे नव्हतो.

सोळा फेब्रुवारी आमचा राष्ट्रीय दिवस. सकाळी झेंडे, दुपारी बास्केटबॉल. माझ्या मते दुसऱ्यात जास्त देशभक्ती असते. बर्फ पडत होता. सव्वीसशे लोक आले आणि सव्वीसशे कोट खाली गेले. कंपनीच्या यंत्राने मोजलेला आकडा सव्वीसशे चार होता. चौघांनी कोट दिले नाहीत. ते अलितुसचे होते.

लोकनृत्यवाल्यांचा ट्रक बाराच्या सुमारास मागच्या दाराला लागला होता. दीडशे नर्तकांचे पोशाख चाकांच्या स्टँडवर लटकून आले होते. असे बावीस स्टँड. पोशाख ड्रेसिंग रूमच्या भिंतींवर गेले आणि रिकामे स्टँड मालवाहू लिफ्टशेजारी एकात एक घुसवून ठेवले. तिथून रोज शंभर माणसं जातात. संघाचे लोक त्यांना मैफलीचं सामान समजले, मैफलीचे लोक अरेनाचं. याद्विगाबाई लिफ्टमधून हँगरची पेटी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, एक स्टँड हाताने ढकलून बघितला आणि पोशाख सांभाळणाऱ्या बाईकडे गेल्या. ती लोकरीच्या कमरपट्ट्यांना इस्त्री करत होती. दोघी पाचच मिनिटं बोलल्या. अशा बायकांना एकमेकींशी जास्त बोलावं लागत नाही.

"किती वेळ हवेत?"

"सामना संपेपर्यंत. चार वाजता परत."

"चाकांत केस अडकतात, सांभाळा. आणि निळा ओढू नका, डावीकडे जातो."

मग हे ठरलं: खाली काउंटरवर रांग लागते, कारण सव्वीसशे माणसं चार काउंटरांवर येतात. माणसं खाली न आणता कोट वर न्यायचे. कुठल्या बसची माणसं कुठल्या भागात बसतात हे बाईंना पाठ होतं, कारण एकेका गावाचे पास एकत्रच घेतले जातात, घाऊक सवलत असते. चौथं सत्र सुरू झालं की काल्वारिया, विल्काविश्किस आणि काझ्लू रुदावाल्यांचे अकराशे कोट बावीस स्टँडवर चढवायचे, लिफ्टने वर न्यायचे आणि त्या-त्या भागाच्या दाराबाहेर उभे करायचे. उरलेले पंधराशे गावातले. त्यांना खाली चार काउंटर पुरतात.

मी वर माझ्या टेबलाशी होतो, मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आपण चार गुणांनी मागे आहोत. शेवटच्या दोन मिनिटांत त्या फ्री थ्रो न जमणाऱ्या उंच पोराने, देव जाणे कसे, सलग चार फ्री थ्रो टाकले. बरोबरी. भोंगा. जादा वेळ.

जादा वेळ हा आमच्या लोकांचा सगळ्यांत लाडका खेळ आहे. पाच मिनिटं, आणि तिकिटात. बाल्त्रुस आजोबा उठून उभे राहिले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बघ, म्हणून लवकर उठायचं नसतं."

खाली बायकांनी छतावरचे पाय ऐकले. झिता म्हणाली, "मावशी, पाच मिनिटं जास्त मिळाली!"

"पाच मिनिटं गेली," बाई म्हणाल्या. "बस त्याच वेळेला सुटणार. ओढ."

आम्ही एका गुणाने जिंकलो. त्यानंतर जो आवाज झाला त्याचं वर्णन मी माईकवरही करू शकलो नाही. मग गुणफलक विझला आणि सव्वीसशे माणसं एकदम उठली. एवाल्दास मैदानाच्या कडेला हातात घड्याळ घेऊन उभा होता.

पहिली पाच मिनिटं छान गेली. मग वरच्या दारांतून सरकणारी गर्दी थांबली. पुढचे थांबले, मागचे ढकलू लागले, मग तेही थांबले. मला वाटलं कुणी पडलं. मी टेबल सोडून वर धावलो.

दाराबाहेर कोटांनी भरलेले स्टँड शिस्तीत उभे होते. त्यांच्याशेजारी कोटघराची एक बाई. आणि समोर काल्वारियाची चारशे माणसं, आपापले कोट ओळखत, हातभर अंतरावर, पुतळ्यासारखी.

पुढे बाल्त्रुस आजोबा होते. ते काल्वारियाचे.

"काय झालं, आजोबा?"

"हे कोट इथे कुणी आणले?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोटघराने. घ्या ना, तुमचाच आहे तो."

"माझाच आहे, ते दिसतंय मला. दारापर्यंत आणलाय. कितीला?"

"फुकट आहे हो!"

"फुकट आहे तर खाली का नाही?" आजोबांनी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "बियरपण अशीच आणत होते."

मागून एक बाई म्हणाली, "जो आधी हात लावेल त्याच्यावर बिल फाटेल. आपण थांबू." हे त्या दिवशी बोललं गेलेलं सगळ्यांत महाग वाक्य असावं. चारशे डोकी हलली. विल्काविश्किसच्या दारावर तोवर हीच बातमी पोचली होती, काही न बोलता. तिथे लोक कोटांपासून एक पाऊल मागे सरकले होते.

मी टेबलाकडे परत धावलो आणि माईक उघडला. "प्रेक्षकहो, आपले कोट आपल्या दाराबाहेर ठेवले आहेत. ही सेवा पूर्णपणे विनामूल्य आहे!"

मला वीस वर्षांचा अनुभव आहे, मला हे कळायला हवं होतं. सुवाल्कियात विनामूल्य हा शब्द लाउडस्पीकरवरून ऐकला की माणूस पाकीट घट्ट धरतो. आता तर कुणी हलेचना. एवाल्दासने माझ्याकडे घड्याळ दाखवलं. अकरा मिनिटं गेली होती. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी नमूद करतो. त्याला आपल्या सल्लागारांचं म्हणणं बरोबर ठरताना बघण्यात मजा येत नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागे कुणीतरी धापा टाकत आलं. याद्विगाबाई. बारा वर्षांत पहिल्यांदा हॉलच्या आत. त्यांनी आधी मैदानाकडे बघितलं, मग छताकडे. एवढा मोठा हॉल आपल्या डोक्यावर होता याचं त्यांना नवल वाटलं असावं. मग म्हणाल्या, "द्या ते इकडे."

"मी सांगितलं, फुकट आहे म्हणून."

"म्हणूनच थांबलेत ते. द्या."

त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला, जसा एखादा जड कोट धरतात.

"मी कोटघरातून याद्विगा बोलतेय. ऐका. ज्यांना पैसे द्यायचेच आहेत त्यांनी खाली माझ्या काउंटरवर रांग लावा. मी घेते. बाकीच्यांनी आपापले कोट घाला आणि चालू लागा. काल्वारियाची बस तेरा मिनिटांनी सुटते. बाल्त्रुस, तुमचा तिसरा स्टँड, उजवं टोक. मफलर बाहीत आहे."

मग वरून, अकराशे माणसांमधून, एकच हसण्याचा आवाज आला, जाडा, पोटातला. पाठोपाठ हँगर घासल्याचा आवाज, शेकडो हँगरांचा, एखादी गाडी सुटावी तसा.

पैसे द्यायला खाली एकही माणूस आला नाही. बाई काउंटरवर जाऊन खरंच उभ्या राहिल्या होत्या, शब्द दिला होता म्हणून.

चोविसाव्या मिनिटाला शेवटचा प्रेक्षक दाराबाहेर पडला. चोवीस मिनिटं आणि काही सेकंद. सेकंद किती यावर अजून वाद आहे. फरशी झाकणारे कामगार आत शिरले, बावीस स्टँड पोशाखवालीला परत गेले, निळासुद्धा, आणि काल्वारियाची बस वेळेवर सुटली. तिचा ड्रायव्हर म्हणतो, बसमध्ये विजयापेक्षा कोटांचीच चर्चा जास्त होती. पैसे खरंच कुणी दिले का, याची.

एवाल्दास कोटघरात आला. मीही त्याच्यामागे गेलो, ऐकायला. खुंट्या रिकाम्या होत्या. बायका जमिनीवरून बिल्ले गोळा करत होत्या.

"चोवीस," तो म्हणाला.

"मी मोजले नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही मोजलेत, म्हणजे बरोबर असेल."

"कोट राहतील."

झिता खाली बसली. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बाई उभ्याच होत्या.

"पण एक गोष्ट तुम्हीच दाखवलीत," एवाल्दास जरा अवघडून म्हणाला. "कोट स्टँडवर दाराशी राहू शकत असतील तर ही खोली..."

"रिकामी राहील. बार होईल त्यात." बाईंनी वाक्य पुरं केलं. "मला कळलं ते, दुसरा स्टँड भरतानाच."

"आणि तरी भरलेत?"

"साहेब, भिंतीला कुणी कोट देतं का? माणसाच्या हातात देतात. खोली घ्या तुम्ही. संघ तुमचा, हॉल तुमचा, गाणारे तुमचे. कोट तेवढे त्यांचे आहेत. ते मी बघते."

एवाल्दासने फोन काढला आणि त्यात लिहायला लागला. "पुढच्या हंगामासाठी सगळ्या दारांना मिळून पंचेचाळीस स्टँड."

"साठ."

"पन्नास."

"साठ. आणि चाकं रबराची. लोखंडी चाकं खेळाच्या वेळी आवाज करतात, लोकांचं लक्ष जातं."

"तुम्ही तर खेळ बघतच नाही."

"म्हणूनच ऐकू येतं."

त्याने साठ लिहिलं. दहा बायका नारिंगी जॅकेट न घालता कामावर राहिल्या. त्यातल्या चौघींना वर्षभराचं काम मिळालं, जे पूर्वी फक्त हिवाळ्याचं होतं. मी पुस्तिकेसाठी फोटो काढू म्हणालो तेव्हा बाईंनी मला बाहेर काढलं. संध्याकाळच्या मैफलीची माणसं यायला लागली होती.

त्या रविवारी योलिताला काय उत्तर मिळालं ते मला ठाऊक आहे, कारण बाईंनी ते सगळ्यांसमोर दिलं, फोन खांद्याने कानाशी दाबून, एका शालेय मुलीच्या जॅकेटचा बंद शिवता शिवता. म्हणाल्या, "नाही ग. कायमची नाही. पण जुलैत येते, तीन आठवडे. पोरांना सांग, आजी येतेय. नाही, एकटी नाही पडत मी. सव्वीसशे जण असतात." पलीकडे योलिता बराच वेळ बोलत होती. बाई ऐकत होत्या आणि मधेच "हो" म्हणत होत्या, आणि शेवटी, जरा हळू आवाजात, "मलाही" म्हणाल्या.

जुलैत त्या गेल्या. जाताना परतीचं तिकीट त्यांनी झिताला दाखवलं, खात्रीसाठी, आणि मग पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवलं. अरेनात तेव्हा बारचं लाकूडकाम चालू होतं आणि साठ स्टँड अजून कारखान्यातून निघायचे होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते आले, तेव्हा उतरवून घ्यायला त्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. पहिला स्टँड त्यांनी हाताने ढकलून बघितला. सरळ गेला.